अर्धा सूर वर

“गेली!” भूपाल मगदूम ओरडला. गिटारची पहिली तार सटकन तुटून त्याच्या मनगटावर बसली होती.

“या महिन्यातली कितवी?” दस्तगीरनं विचारलं.

“चौथी. पण साळवेंची धून वाजवायची म्हणजे तारा जायच्याच, मर्दा. त्यांची तार कडक होती. ऐऱ्यागैऱ्याचं काम न्हवं ते.”

जयसिंगपूरला स्टेशन रोडवर भूपालचं कॅसेटचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही तिघं जमत असू. भूपाल, विजेच्या मोटारींचं वायंडिंग करणारा दस्तगीर मुजावर, आणि मी, प्राथमिक शाळेतला मास्तर. साल अठ्ठ्याऐंशी. तिघांकडे तीन गिटारी होत्या. माझी सांगलीहून आणलेली, भूपालची मेव्हण्यानं दिलेली, आणि दस्तगीरची त्यानं स्वतः दोन मोडक्या गिटारींतून जुळवलेली. तिची पाठ एका रंगाची आणि पोट दुसऱ्या.

आमचं दैवत एकच जोडी, सॉलोमन साळवे आणि विनू कर्णिक. दोन गिटारी, बाकी काही नाही; ना तबला, ना गाणारा. नऊ वर्षांपूर्वी त्यांची एकच कॅसेट निघाली आणि ती काढणारी छोटीशी कंपनीही लगेच बंद पडली. मूळ कॅसेट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. भूपालनं ती कुणाकडून तरी एका दिवसासाठी मिळवून उतरवून घेतली होती. त्या एका प्रतीवरून आम्ही सहा वर्षं एकेक धून कानानं टिपत होतो. गिटारी लावायच्या त्याही टेप ऐकूनच. शिकायच्या पुस्तकात पहिली तार बाजाच्या पेटीवरच्या पांढरी तीनला लावा असं म्हटलेलं. शाळेच्या पेटीवर पाहिलं तर साळवेंची तार पांढरी चारला बोलायची, अर्धा सूर वर. भूपाल म्हणे, “तीच तर त्यांची खासियत.” आणि आम्ही तारा पिळायचो.

त्या दुपारी वाद नेहमीचाच होता. कॅसेटमधली शेवटची धून ‘पूल ओलांडताना’. ती संपता संपता कुणीतरी बारीक हसतं. हसणारं पोर कुणाचं?

“विनूंचं,” भूपाल म्हणाला. “स्टुडिओत घेऊन आले असणार.”

“विनूंचं लगीन तरी झालं हुतं का तवा?” दस्तगीर म्हणाला. “साळवेंचं असंल.”

“गुरुजी, तुमी रोज चाळीस पोरं हसताना ऐकता. तुमी सांगा.”

“सहा-सात वर्षांचं असावं,” मी ठामपणे सांगितलं. “कुणाचं ते नाही सांगता येणार.”

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि एक बाई दारात उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या भिंतीकडे पाहत होत्या.

भिंतीवर चौथी गिटार टांगलेली होती. भूपालला ती पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली होती. पाच खुंट्या पांढऱ्या आणि एक, पहिल्या तारेची, पितळेची. कॅसेटच्या कव्हरावरच्या फोटोत साळवेंच्या मांडीवर अशीच गिटार होती, पितळी खुंटीसकट. भूपालनं ती बाजारात ओळखली आणि छातीशी धरून एसटीनं आणली. हात धुतल्याशिवाय तिला कुणी शिवायचं नाही, असा आमचा नियम होता.

“दुकान म्होरं हाय, बाई,” भूपाल म्हणाला.

“मी दुकानात नाही आले. मी एस्तेर साळवे. मिरजेला नर्स आहे. आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटचा मुलगा म्हणाला, जयसिंगपुरात एका खोलीत पितळी खुंटीची गिटार टांगलीय.” त्या थांबल्या. “ती माझ्या भावाची आहे. सॉलोमन माझा मोठा भाऊ.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यामागे एक इतिहास होता, तो सांगायला हवा. वर्षभरापूर्वी सफारी घातलेला एक गृहस्थ असाच आला होता. विनू कर्णिकांचा भाचा म्हणून सांगत होता. आम्ही त्याला चहा दिला, भजी दिली. विनूंनी आम्हाला एकदा पाठवलेलं, त्यांच्या सहीचं पोस्टकार्ड त्याला कौतुकानं दाखवलं. ‘याला छान काचेची चौकट करून आणतो,’ असं म्हणून तो ते घेऊन गेला, तो गेलाच. विनूंचा पत्ता त्या कार्डावरच होता, तोही गेला. दुधानं तोंड पोळलं होतं आमचं.

“साळवे कुठं असतात आता?” दस्तगीरनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“दादा वारला. चार वर्षं झाली. पुण्यात एकटाच खोली घेऊन राहायचा. मला कळून मी पोचेपर्यंत खोलीवाल्यानं सामान विकून टाकलं होतं. त्याचं म्हणावं असं काहीच राहिलं नाही माझ्याकडे. एवढी एक गिटार मिळाली तर पाहावं, म्हणून आले.”

“साळवे गेले, आन आमाला ठावं न्हाई?” भूपालचा आवाज चढला.

“तुम्हाला कोण कळवणार?” त्या साधेपणानं म्हणाल्या. पण भूपालला ते लागलं. साळवेंचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, यावर तर तो जगत होता.

वयानं मी मोठा, म्हणून असल्या गोष्टींत निवाडा माझ्याकडे यायचा. मी विचारलं, “गिटार तुमच्या भावाची, याला काही खूण?”

“पितळी खुंटी. मूळची तुटली तेव्हा दादानं—”

“ती फोटोत दिसती,” दस्तगीर म्हणाला.

“फोटोत दिसतं ते सगळ्यांना माहीत असतं,” मी म्हटलं. “दुसरं काही? पत्र, कागद?”

“कागद कुठले असणार, गुरुजी? कागद ठेवणारा माणूस नव्हता तो.” त्यांनी थोडा विचार केला. “मला वाजवता येतं. दादानंच शिकवलं. त्या कॅसेटमध्ये शेवटची धून आहे ना, तिच्यातली दुसरी गिटार माझी आहे.”

भूपाल ताडकन उठला. “आता ह्ये अती झालं! दुसरी गिटार विनूंची. कव्हरावर दोघांची नावं हायत, दोघांचा फोटो हाय.”

“विनूच्या हाताला तेव्हा प्लास्टर होतं. बाकीच्या धुना आधी झाल्या होत्या, ही एक राहिली होती आणि स्टुडिओची तारीख ठरलेली. दादा म्हणाला, एस्तेर, तू बस. मी जन्मात स्टुडिओ पाहिला नव्हता. धून संपली आणि मी एकदम हसले. पार पडेल असं वाटलंच नव्हतं मला.” त्या आमच्याकडे वळल्या. “ते हसणं अजून आहे का त्यात? की पुसून टाकलं?”

दस्तगीर मोठ्यानं हसला.

“घावली की, गुरुजी! बाई, त्ये पोराचं हसणं हाय. सात वर्साचं पोर हाय त्ये.”

“गुरुजींनी सोता सांगितलंय,” भूपाल म्हणाला.

एस्तेरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता मला जवळजवळ खात्रीच झाली होती. कुठूनतरी चार गोष्टी ऐकून आलेली, सफारीवाल्याच्या पुढची पायरी. तो कार्ड घेऊन गेला, ही गिटार न्यायला आली होती. पण उगाच कुणाला हाकलणं माझ्या स्वभावात नव्हतं. रीतसर परीक्षा घ्यावी, म्हणजे बोलायला जागा राहत नाही.

“असं करू,” मी म्हटलं. “टेप लावतो. शेवटची धून. तुम्ही म्हणता ती दुसऱ्या गिटारची बाजू टेपबरोबर वाजवा. जुळलं तर गिटार तुमची. आत्ता, इथून घेऊन जा.”

“गुरुजी!” भूपालनं माझा दंड धरला.

“गिटार त्यांची,” मी पुन्हा म्हटलं. जुळणार नाही अशी खात्री असल्यावर माणूस फार उदार होतो.

एस्तेरबाईंनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन हात धुतले. आमचा नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता. गिटार उतरवून त्यांनी मांडीवर घेतली, तारांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“किती चढवल्यात! अशानं दांडी वाकते हो. दादानं पाहिलं असतं तर ओरडला असता.” आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी साही तारा सैल केल्या.

त्या तारा भूपालनं टेपला कान लावून लावल्या होत्या. एस्तेरबाई मात्र पेटी मागेनात, टेप मागेनात. डोळे मिटून घशातल्या घशात काहीतरी गुणगुणल्या आणि एकेक तार लावत गेल्या. हात सराईत होता. मी ते पाहिलं. पण सराईत हात चोराचाही असतो, असं मी मनाशी म्हटलं.

“लावा,” त्या म्हणाल्या.

भूपालनं बटण दाबलं. साळवेंची गिटार सुरू झाली. चार मात्रा सोडून दुसरी गिटार येते. बाईंनी बरोबर चार मात्रा सोडल्या आणि वाजवायला लागल्या.

काय झालं म्हणून सांगू! नळावर दोन बाया एकाच वेळी भांडायला लागाव्यात, तसे सूर एकमेकांच्या अंगावर गेले. बाई थांबल्या. भूपालनं टेप मागं घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी वाजवलंच नाही. नुसत्या मशीनकडे पाहत राहिल्या.

“हा सूर आमचा नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“टेप खोटं बोलत न्हाई, बाई,” भूपाल म्हणाला. “माणूस बोलतंय.”

“आणि हे घाईत चाललंय. दादा असा घाईत वाजवायचा नाही.” त्या माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, एकदा मला टेप ऐकून तारा चढवू द्या. त्या सुरावर वाजवून दाखवते. बोटं तर तीच आहेत ना?”

शाळेत पोराचं गणित चुकलं तर पाटी पुसून मी ते पुन्हा घालत असे. दुसऱ्यांदा चुकलं तर तिसऱ्यांदा. मी कधी कुणाला एका चुकीवर खाली बसवलं नव्हतं.

“टेप ऐकून तर आम्हीही लावतो,” मी म्हटलं. “मग परीक्षा ती कसली?”

त्यांनी वाद घातला नाही. उठून गिटार होती तशी खिळ्याला टांगली. तिची पट्टी सरळ केली. पिशवी खांद्याला लावली.

“नऊ वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “हातात वाद्य नाही. माझाच कान उतरला असेल.”

पडदा हलला आणि त्या गेल्या. भूपालनं लगेच गिटार काढून तारा पुन्हा टेपला लावायला घेतल्या. पहिली पिळता पिळता तुटली.

“अपशकुनी बाई,” तो म्हणाला.

त्यानंतर दीड-दोन महिने आम्ही त्या प्रसंगाच्या गप्पा चवीनं मारल्या. दस्तगीर बाईंची नक्कल करायचा, ‘हा सूर आमचा नाही’. आम्ही हसायचो. मी जरा कमी हसायचो, कारण त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या कानात राहिलं होतं. लबाड माणूस पकडला गेला की दुसऱ्याला शिव्या देतो. स्वतःच्या कानाला दोष देत नाही. पण हा विचार मी तिथेच सोडून द्यायचो.

नोव्हेंबर संपत आला होता. भूपालच्या दुकानात नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटींचं खोकं आलं. तो त्या फळीवर मांडत होता आणि मांडता मांडता बोलत होता.

“ह्या तवा असत्या तर एवढी झकमारी कशाला झाली असती? साळवेंची कॅसेट उतरवायची, तवा माज्याकडं साठचीच हुती. म्हंजे एका बाजूला तीस मिनिटं. आन मूळ कॅसेटीची बाजू बत्तीसची! मालक सांजच्याला न्यायला येणार. शेवटची धून निम्म्यात तुटाय लागली की वो. ‘पूल ओलांडताना’ निम्म्यात? जीव तुटला माजा.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय! ह्यो बाद्दर हाय की.” त्यानं दस्तगीरच्या पाठीत थाप मारली. “ह्येला बोलावलं. ह्येनं वाजवायच्या मशीनच्या मोटरचा स्क्रू जरासा फिरिवला. जरा घाईनं पळाली, पर बत्तीसची बाजू तीसात बसली. पुरी. त्ये हसण्यासकट!”

“कुणाला सुदीक कळलं न्हाई,” दस्तगीर अभिमानानं म्हणाला. “सा वर्सं झाली.”

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

“भूपाल,” मी म्हटलं, “टेप घाईनं पळाली की सूर कुठं जातो?”

“कुठं जातो म्हंजे?”

दस्तगीरला आधी कळलं. मोटारींचा माणूस तो; मोटर जोरात फिरली की आवाज चढतो, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

मी सायकलवरून शाळेत गेलो आणि पेटी कॅरिअरला बांधून आणली. दस्तगीरनं मशीन उघडलं होतं. घड्याळ समोर ठेवून, बाजू पुन्हा बत्तीस मिनिटांची होईल अशा बेतानं तो स्क्रू मागं घेत होता. त्यात दुपार गेली. मग शेवटची धून लावली. साळवेंची गिटार आली ती जड पावलांनी, सावकाश. मी पेटीचा भाता ओढून पांढरी तीन दाबली. आणि पेटी आणि गिटार एकच झाली.

चार मात्रा गेल्या आणि दुसरी गिटार आली. धून संपली. मग ते हसणं आलं.

पोराचं नव्हतं ते. बाईचं होतं. पोटातून आलेलं, सुटल्यासारखं हसणं.

भूपालनं टेप मागं घेऊन ते पुन्हा ऐकलं. मग मशीन बंद केलं.

“बाईच हाय की वो,” तो म्हणाला.

बराच वेळ तो तिथेच बसला. मग उठला, हात धुतले, भिंतीवरची गिटार उतरवली आणि बायकोची एक शाल आणून त्यात गुंडाळली. पोराला थंडी वाजू नये म्हणून गुंडाळतात तशी.

“मी येत न्हाई,” तो म्हणाला. “मला तोंड न्हाई. तुमी जावा, गुरुजी. निवाडा तुमचा हुता.”

मी तारा उतरवून पेटीवर लावल्या, पहिली पांढरी तीनला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मिरजेला गेलो. नर्सांच्या क्वार्टर्स शोधायला वेळ लागला नाही. जिन्यात एक वयस्क नर्स स्वेटर विणत बसल्या होत्या.

“एस्तेर? वर, डावीकडची खोली. तुम्ही चर्चमधून आलात का? जरा समजवा तिला. नाताळ तोंडावर आलाय. दरवर्षी पोरांची गाणी तीच बसवते, आणि आता म्हणते, माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही, पोरांना चुकीचं शिकवीन. पोरं येतात आणि तशीच परत जातात.”

मी हातातलं गाठोडं सावरलं. मग वर गेलो.

दार एस्तेरबाईंनीच उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या शालीच्या गाठोड्याकडे. त्याचा आकार लपण्यासारखा नव्हता.

“टेप खोटं बोलत होती,” मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. तीस मिनिटं, बत्तीस मिनिटं, स्क्रू. पेशंटचं ऐकावं तसं त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

“शेवटची धून तुटू नये म्हणून केलं त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“हो. तेवढ्यासाठीच.”

“कंपनीवाले ती गाळा म्हणत होते. जागा पुरत नाही म्हणे. दादा हटून बसला.” त्यांची नजर पुन्हा गाठोड्याकडे गेली. “म्हणजे दोनदा वाचली.”

“बाई,” मी म्हटलं, “तुमचा कान उतरलेला नव्हता. आमचे सगळ्यांचे चढलेले होते. मी तुम्हाला दुसरी संधी दिली नाही. चाळीस पोरांना रोज देतो.”

त्या आत जाऊन हात धुऊन आल्या. शाल सोडली. खाटेच्या कडेला बसून गिटार मांडीवर घेतली आणि पहिली तार छेडली. ऐकत राहिल्या. हात खुंटीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर येत असतं, पण बोट वर करायचा धीर होत नसतो, तेव्हा पोरं जशी पाहतात तसं.

“पेटीवर लावलीय का, गुरुजी?”

“शाळेच्या पेटीवर. काल.”

“मला वाटतं...” त्या अडखळल्या. “मला वाटतं, अजून केसभर चढी आहे.”

शाळेची पेटी पंधरा वर्षांची जुनी होती. तिचा सूर कधी कुणी तपासला होता?

“उतरवा,” मी म्हटलं.

त्यांनी पितळी खुंटी केसभर फिरवली, तार पुन्हा छेडली, आणि हसल्या. ते हसणं मी त्याआधी शेकडो वेळा ऐकलं होतं.